शिरेतून दिलेले मिठाचे पाणी

कोणत्याही रुग्णालयात आज पाऊल टाकले, तर खाटेच्या डोक्याशी लोखंडी दांडीला टांगलेली पाण्याची बाटली किंवा पिशवी आणि तिच्यातून रोग्याच्या हातापर्यंत उतरलेली बारीक नळी प्रथम दृष्टीस पडते. खेड्यातील माणूसही ‘सलाईन लावले’ असे सहज बोलून जातो. कित्येकदा तर कसलीही आवश्यकता नसता अंगात शक्ती यावी म्हणून तो डॉक्टरांपाशी सलाईनचा हट्ट धरून बसतो. शुश्रूषेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींना व विद्यार्थ्यांना या विषयाचे अनेक नियम तोंडपाठ करावे लागतात. बाटलीवरील चिठ्ठी वाचा, पाणी प्रकाशात धरून पाहा, नळीतील हवा काढून टाका, थेंब मोजा, शिरेची जागा वारंवार पाहा, दिलेले व गेलेले पाणी लिहून ठेवा. पाठ करणाऱ्याला हे नियम रुक्ष वाटले तर त्यात नवल नाही. परंतु हे नियम कोणा पंडिताने एका बैठकीत लिहून काढलेले नाहीत. ते दीडशे वर्षांत एकेक करून आणि पुष्कळ प्राणांचे मोल देऊन मिळालेले आहेत. त्यांचा उगम शोधू लागले म्हणजे इ. स. १८३२ च्या मे महिन्यात, स्कॉटलंडमधील लीथ या बंदरात, एका वृद्ध स्त्रीच्या खाटेपाशी येऊन थांबावे लागते.

शिरेत काही घालण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. विल्यम हार्वे याने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत प्रसिद्ध केल्यावर, एका शिरेत घातलेला पदार्थ साऱ्या शरीरात फिरेल हे ओघानेच आले. पुढे लंडनचे सेंट पॉलचे भव्य मंदिर बांधणारा ख्रिस्तोफर रेन हा १६५६ च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे होता. त्याने पक्ष्याच्या पिसाची पोकळ दांडी आणि प्राण्याचा मूत्राशय यांची पिचकारी बनवून कुत्र्याच्या शिरेत मद्य सोडले, व कुत्रा झिंगला. तो विद्वानांचा एक चमत्कारिक खेळ होता. त्याचा रोगी माणसाला उपयोग झाला नाही. तो उपयोग करून पाहण्याचे धैर्य येण्यास एका भयंकर संकटाची गरज होती, आणि ते संकट गेले हिंदुस्थानातून.

पटकी, म्हणजे कॉलरा, ही व्याधी गंगेच्या मुखाजवळील प्रदेशात फार पूर्वीपासून होती. १८१७ साली बंगालमधील जेसोर येथे तिने उग्र रूप धारण केले आणि नंतर ती देशोदेशी फिरत सुटली. महाराष्ट्रात तिला मरीआई अथवा जरीमरी म्हणून भजले जाऊ लागले. मरीआईचा गाडा वाजतगाजत आपल्या गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडावा, म्हणजे आपल्यावरील अरिष्ट शेजारच्या गावाकडे जाईल, ही समजूत कित्येक पिढ्या टिकली. पंढरीच्या यात्रेत ही साथ उद्भवली की परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर ती गावोगाव जाई. हीच साथ रशिया व जर्मनी ओलांडून १८३१ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या संडरलंड बंदरात उतरली. विलायतेतील नामांकित वैद्यांपाशीही या वेळी मरीआईच्या गाड्याहून फारसे बरे काही नव्हते. ते रोग्याचे रक्त काढीत, पाऱ्याचे औषध देत, अफू व ब्रँडी पाजीत. जुलाब व वांत्या यांनी ज्याच्या शरीरातील पाणी निघून चालले आहे, त्याच्या अंगातले उरलेसुरले रक्तही ते भांड्यात काढून घेत.

विल्यम ओशॉनेसी नावाचा अवघ्या बावीस वर्षांचा एक आयरिश तरुण, एडिंबरा विद्यापीठाची वैद्यकाची पदवी घेतलेला, १८३१ च्या अखेरीस संडरलंडला गेला. औषध देण्यापेक्षा रोग म्हणजे काय हे पाहण्यात त्याला अधिक रस होता. पटकीच्या रोग्यांचे रक्त घेऊन त्याने रसायनशास्त्राच्या रीतीने त्याची परीक्षा केली, आणि जे आढळले ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केले. रक्तातील पाण्याचा फार मोठा अंश नाहीसा झाला आहे. त्यातील क्षार कमी झाले आहेत. सोड्यासारख्या अल्कली पदार्थाचीही तूट आहे. आणि हे सर्व हरवलेले पदार्थ रोग्याच्या जुलाबात सापडतात. तेव्हा रक्ताला त्याचे पाणी व क्षार परत द्यावे, आतड्यावाटे शोषले जातील तर तसे, नाहीतर शिरेतून, हा त्याचा निष्कर्ष होता. कुत्र्यांवर प्रयोग करून शिरेत क्षारजल सोडणे प्राणघातक नाही हेही त्याने पाहिले. मात्र माणसावर त्याने स्वतः हा उपाय केला नाही. पुढे १८३३ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास आला, तेथील मेडिकल कॉलेजात रसायन शिकवू लागला, आणि अखेर त्याचे नाव झाले ते वैद्यकात नव्हे, तर १८५० नंतर हिंदुस्थानभर तारायंत्र उभारणारा अधिकारी म्हणून. कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली ती त्याच्याच देखरेखीखाली. ज्या रोगाची परीक्षा त्याने संडरलंडला केली, त्याच्या माहेरी तो येऊन राहिला होता. असे असता तो सूत्र पुढे नेता झाला नाही, ही मोठी चुटपूट लावणारी गोष्ट आहे.

ते सूत्र उचलले थॉमस लॅटा याने. तो एडिंबराजवळच्या लीथ बंदरात वैद्यकी करीत असे. ओशॉनेसीचे लेख त्याने वाचले होते. प्रथम त्याने गुदद्वारावाटे पाणी देऊन पाहिले. रोग्यांना गुण आला नाही, उलट जुलाब वाढले. मग मे १८३२ मध्ये त्याने शिरेतून पाणी सोडण्याचा निश्चय केला. त्यासाठी निवडलेली पहिली रोगी एक वृद्ध स्त्री होती. इतर सर्व उपाय होऊन थकले होते. तिचे डोळे खोल गेलेले, जबडा लोंबलेला, अंग थंडगार, मनगटाची नाडी केव्हाच हरपलेली. आता हिला अपाय होऊन होऊन काय होणार, अशा स्थितीतच लॅटाला हात घालण्याचे धैर्य झाले. कोपराच्या आतील बाजूची शीर उघडून तीत त्याने नळी बसवली आणि औंसामागून औंस कोमट क्षारजल आत सोडू लागला. पहिल्यांदा काहीच फरक दिसेना. तो चिकाटीने सोडीत राहिला. मग श्वास जरा मोकळा झाला, मुद्रेवर जिवंतपणाची छटा आली, नाडी हाताला लागली. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर पाणी गेले, तेव्हा ती वृद्धा खणखणीत आवाजात बोलू लागली. आपल्याला काही त्रास उरलेला नाही, थोडी झोप तेवढी हवी, असे म्हणाली, आणि थट्टाविनोदही करू लागली.

लॅटाने तिला रुग्णालयातील शस्त्रवैद्याच्या स्वाधीन केले व तो निघून गेला. तो जाऊन फार वेळ झाला नाही तोच वांत्या व जुलाब पुन्हा सुरू झाले. जे पाणी शिरेतून आत गेले होते ते आतड्यावाटे बाहेर पडू लागले, आणि ती पूर्वीसारखी गळून गेली. कोणीही लॅटाला कळवले नाही. तो गेल्यापासून साडेपाच तासांनी ती स्त्री मरण पावली. हाच उपाय पुन्हा केला असता तर ती वाचली असती याविषयी आपल्याला शंका नाही, असे त्याने पुढे स्वतः लिहिले.

शुश्रूषेच्या विद्यार्थ्यांनी या प्रसंगापाशी थोडे थांबावे. औषध योग्य होते, मार्ग योग्य होता, गुणही प्रत्यक्ष आला होता. उणीव होती ती खाटेपाशी बसून नाडीवर बोट ठेवणाऱ्या, किती गेले व किती निघाले हे मोजणाऱ्या, आणि पालटलेली स्थिती तत्काळ कळवणाऱ्या माणसाची. त्या काळच्या रुग्णालयांत असे शिकलेले माणूस नव्हतेच. फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्या मे महिन्यात बारा वर्षांची मुलगी होती. तिची शुश्रूषा-शाळा लंडनला निघायला १८६० साल उजाडावे लागले.

लॅटा मात्र त्या एका मरणातून शिकला. पुढच्या रोग्यांत तो वारंवार पाणी सोडू लागला. एकीच्या शिरेत त्याने बारा तासांत ३३० औंस, म्हणजे नऊ लिटरांहून अधिक क्षारजल घातले, आणि ती वाचली. २३ मे १८३२ रोजी त्याने आपली हकीकत लंडनच्या आरोग्य-मंडळास लिहून पाठवली व ती जूनमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. काही वैद्यांनी त्याचे अनुकरण केले. परंतु साथ ओसरली, लॅटा स्वतः १८३३ मध्ये निवर्तला, आणि पुढील साठ-सत्तर वर्षे त्याचा उपाय जवळजवळ अडगळीत पडला. त्याचा दोष केवळ वैद्यांच्या जुन्या मतांना देऊन चालणार नाही. रोग्याचे पाणी जात असता रक्त काढणारे मत हट्टी होते हे खरे. तथापि लॅटाच्या पद्धतीतही दोष होते, आणि ते त्याला कळण्यासारखे नव्हते.

पहिला दोष अस्वच्छतेचा. जंतूंमुळे रोग होतात हे १८३२ मध्ये वैद्यांना ठाऊक नव्हते. पाणी उकळून निर्जंतुक करावे, नळी शुद्ध करावी, हे पाश्चर व लिस्टर यांच्या नंतरचे ज्ञान. त्यामुळे पटकीतून वाचलेला रोगी पुढे रक्तात विष भिनून दगावू शके. शिवाय बहुतेक वैद्य हा उपाय अगदी शेवटच्या घटकेला, नाडी गेलेल्या रोग्यावरच करीत. मग शंभरांत थोडे वाचले तर लोक म्हणत की उपायात अर्थ नाही.

दुसरा दोष प्रमाणाचा, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. लॅटाने सहा पाइंट पाण्यात दोन ते तीन ड्राम मीठ व दोन स्क्रुपल सोडा घातला होता. हिशेब केला तर लिटरमागे मीठ अडीच-तीन ग्रॅमच्या आसपास येते. रक्ताशी जुळणारे प्रमाण लिटरमागे ९ ग्रॅम आहे. म्हणजे लॅटाचे पाणी निम्म्याहूनही फिके होते. फिक्या पाण्यात सापडलेल्या रक्तपेशी, मनुका पाण्यात टाकल्या म्हणजे फुगतात तशा, फुगतात व अखेर फुटतात. उलट फार खाऱ्या पाण्यात त्या आकसून जातात. हा समतोल हॉलंडमधील हॅम्बुर्गर याच्या अभ्यासाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाला. म्हणूनच शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी कितीही निर्मळ असले तरी ते एकटे शिरेत सोडावयाचे नसते. विद्यार्थ्याला हे उलटे वाटते. पिण्यास जे उत्तम ते शिरेस का चालू नये? परंतु पिण्याचे पाणी आतड्यातून गाळून, क्षारांच्या सोबतीने रक्तात शिरते. शिरेत सोडलेले पाणी थेट पेशींच्या अंगावर जाते. शिरेत आतड्यासारखा पहारेकरी नाही.

मिठाखेरीज रक्तात आणखीही क्षार असतात, हे कळले ते एका गमतीच्या योगायोगाने. लंडनचा सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करी, आणि ते हृदय बराच वेळ उत्तम चाले. मागाहून ध्यानात आले की पाणी ऊर्ध्वपातित नव्हते, नळाचे होते. नळाच्या पाण्यातील चुन्याचा अंश हृदयाला चालवीत होता. ही दुरुस्ती रिंगरने १८८३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेतील ॲलेक्सिस हार्टमन याने १९३२ च्या सुमारास या द्रावणात लॅक्टेट मिसळले. शरीरात त्याचे रूपांतर होऊन रक्ताला हरवलेली अल्कली परत मिळते. आज पटकीच्या अत्यवस्थ रोग्याला ‘रिंगर लॅक्टेट’च पसंत करतात, त्याचे कारण हेच. ओशॉनेसीने जी तूट संडरलंडला दाखवली होती, ती भरून काढणारी बाटली तयार होण्यास शंभर वर्षे लागली.

उकळलेले शुद्ध पाणी देऊनही रोग्याला हुडहुडी भरून ताप चढे, हे कोडे बराच काळ उलगडले नव्हते. १९२३ मध्ये फ्लॉरेन्स सायबर्ट या अमेरिकन विदुषीने दाखवले की जंतू मेले तरी त्यांचे अवशेष पाण्यात राहतात व तेच ताप आणतात. पाणी उकळल्याने ते नष्ट होत नाहीत, ऊर्ध्वपातनाचीच काळजी घ्यावी लागते. त्यानंतर कारखान्यात तयार केलेल्या बंद बाटल्या आल्या. बाटली फुटकी आहे का, पाणी गढूळ आहे का, मुदत उलटली आहे का, हे पाहण्याचा नियम येथून आला. आणि द्रव चालू असता रोगी कापू लागला तर नळी तत्काळ बंद करून वरिष्ठांस कळवावे, हाही.

मधल्या काळात हा उपाय पुन्हा उभा राहिला तो कलकत्त्यास. सर लेनर्ड रॉजर्स हे तेथील मेडिकल कॉलेजात होते. साधे क्षारजल दिले तरी ते लवकरच पुन्हा आतड्यावाटे जाते हे पाहून त्यांनी १९०८ च्या सुमारास अधिक खारे पाणी देण्यास सुरुवात केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी अंदाजाने पाणी देणे सोडले. रोग्याच्या रक्ताचा थेंब निरनिराळ्या घनतेच्या द्रवांत टाकून, तो बुडतो की तरंगतो यावरून रक्त किती दाटले आहे हे ते ठरवीत, आणि त्या मानाने पाणी देत. पूर्वी शंभरांत साठ रोगी दगावत, ते प्रमाण तिसाच्या घरात आले. अल्कलीचा उपयोग ध्यानात आल्यावर ते आणखी खाली गेले. अधिक खाऱ्या पाण्याची आवश्यकता नाही असे पुढच्या संशोधनाने ठरले. परंतु मोजून द्यावे, ही रॉजर्सांची शिस्त टिकली.

ती शिस्त आज परिचारिकेच्या हाती आहे. साध्या संचाच्या नळीतून पुष्कळदा २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. बालकांसाठीच्या सूक्ष्म नळीतून ६० थेंबांचा. संचाच्या वेष्टनावर हा आकडा छापलेला असतो व तो पाहिल्यावाचून हिशेब करू नये. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यावयाचे असल्यास २० थेंबांच्या नळीतून एकंदर १०,००० थेंब जाणार. २४० मिनिटांनी भागले म्हणजे मिनिटाला सुमारे ४२. इतके सोपे गणित चौथीच्या मुलालाही यावे. पण रात्री तीन वाजता, चाळीस खाटांच्या खोलीत, ते चुकू न देणे सोपे नाही. थेंब फार वेगाने गेले तर वृद्धाच्या अथवा हृदयरोग्याच्या फुप्फुसात पाणी साचून त्याचा श्वास कोंडतो. पोटॅशियमचे तीव्र द्रावण तसेच शिरेत सोडले तर हृदय बंद पडते; ते पातळ करून सावकाशच द्यावे लागते. सुईच्या जागी सूज आली व ती थंड लागली, तर पाणी शिरेबाहेर मांसात चालले आहे. लाल होऊन दुखू लागली व गरम लागली, तर शिरेचा दाह सुरू आहे. दोन्ही प्रसंगी ती जागा सोडून दुसरी घ्यावी लागते.

पटकीत मात्र सावकाशपणाच घातक ठरतो. आजच्या नियमाप्रमाणे नाडी हरपलेल्या प्रौढ रोग्याला त्याच्या वजनाच्या किलोमागे १०० मिलिलिटर द्रव तीन तासांत द्यावयाचे असते. त्यातील ३० मिलिलिटर पहिल्या अर्ध्या तासातच. पन्नास किलोच्या माणसाला म्हणजे अर्ध्या तासात दीड लिटर, आणि पुढील अडीच तासांत आणखी साडेतीन. शिवाय जुलाबावाटे जेवढे जाईल तेवढे पुन्हा भरून काढावयाचे. हे आकडे पाहिले म्हणजे लॅटाच्या साडेतीन लिटरांत वेडेपणा नव्हता हे कळते. त्याने फार दिले नव्हते. लवकर थांबवले होते.

ओशॉनेसीने सुचवलेला दुसरा मार्ग, म्हणजे आतड्यावाटे पाणी परत देणे, आणखी बराच काळ वाट पाहत राहिला. पटकीच्या जंतूचे विष आतड्यातून पाणी बाहेर ओढते हे कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले. साखर बरोबर असली तर मीठ व पाणी आतड्यातून शोषले जाते, हेही त्याच सुमारास कळून आले. आणि १९६८ मध्ये डाक्क्याच्या संशोधकांनी तोंडाने दिलेल्या द्रावणाचा गुण रोग्यांवर दाखवला. तरी वैद्यांचा विश्वास बाटलीवरच होता. १९७१ साली पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित आले व सरहद्दीजवळच्या बनगाव येथे पटकी उसळली. रुग्णालयाच्या जमिनीवर रोगी पडलेले, आणि बाटल्यांचा साठा संपत आलेला. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३·५ ग्रॅम मीठ व २·५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या कलकत्त्यास बांधवून आणल्या आणि मोठमोठ्या पिंपांत द्रावण करून ठेवले. शिरेतून द्यावयाचे जे थोडे पाणी उरले होते ते नाडी हरपलेल्यांसाठी राखले गेले. शुद्धीवर येऊन पिऊ लागताच त्यांनाही पिंपातले पाणी दिले जाई. शंभरांत तीसपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण तेथे चारांच्याही खाली आले. पिंपांना खाली तोट्या बसवल्या होत्या. प्रत्येक रोग्यापाशी परिचारिका बसवणे अशक्य होते; तेव्हा आया, भाऊ, मुलगे पेले घेऊन तोट्यांपाशी येत, परत जाऊन आपल्या माणसाला घोटघोट पाजीत, आणि पेला रिकामा झाला की पुन्हा येत.